पावसाळी क्षेत्रकार्य आणि सत्राचे गुण: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीला उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे. बी.एस्सी. प्राणिशास्त्राची चार सत्रे पूर्ण झाली असून त्यांची सरासरी ७३ टक्क्यांवर आली आहे. चौथ्या सत्रात फुलपाखरांच्या नोंदी करण्यात वेळ गेला आणि दोन विषयांत श्रेणी घसरली. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असल्याने पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळणे तुम्हाला आवश्यक आहे. पाचव्या सत्रात चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) प्रकल्प असून त्यासाठी म्हादई अभयारण्यातील बेडकांचा अभ्यास करावा असे तुमच्या मनात आहे. घरच्यांचे मत मात्र असे आहे की रानात हिंडणे आता थांबवावे आणि ग्रंथालयात बसून होईल असा एखादा विषय घ्यावा. यातले काय करावे, हे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे की क्षेत्रकार्य सोडू नये, बेडूकही सोडू नयेत, मात्र अभयारण्य या वर्षापुरते सोडावे. प्रकल्पाची जागा घरापासून चालत जाता येईल इतकी जवळ असावी आणि प्रश्न एका सत्रात पुरा होईल इतका लहान असावा. बरीच वर्षे गोव्यातील विद्यार्थ्यांचे प्रकल्प मार्गी लावताना मी पाहत आले आहे की गुण घसरतात ते रानात गेल्यामुळे क्वचितच. उशिरा ठरलेला विषय आणि त्याच दिवशी न लिहिलेली टिपणे ही दोन कारणे बहुतेक वेळा सापडतात आणि तुमच्या पत्रात ती दोन्ही दिसतात.

आधी गुणांचा हिशेब करू, कारण भीती बरीचशी तिथे आहे. प्रत्येक सत्र वीस श्रेयांकांचे धरले, तर सहा सत्रांचे एकशेवीस श्रेयांक होतात. चार सत्रांची सरासरी ७३ असेल, तर एकूण ७५ गाठण्यासाठी उरलेल्या दोन सत्रांत सरासरी ७९ टक्के लागतील. हे अवघड आहे, अशक्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत चार श्रेयांकांच्या एका विषयात श्रेणी एक पायरी उतरली, म्हणजे आठाचे सात झाले, तर त्या सत्राची सरासरी ०.२ ने कमी होते आणि सहा सत्रांच्या एकत्रित सरासरीवर त्याचा परिणाम ०.०३ इतकाच राहतो. चौथ्या सत्रातील दोन विषयांनी तुमचे नुकसान केले, पण दार बंद केलेले नाही. श्रेणीगुणांचे टक्क्यांत रूपांतर कोणत्या नियमाने होते, हे महाविद्यालयाच्या कार्यालयातून लेखी समजून घ्या. मित्रमैत्रिणींच्या सांगण्यावर हा हिशेब ठेवू नका.

आता हे जास्तीचे गुण कुठून येणार, हा प्रश्न उरतो. सत्रान्त परीक्षेत अचानक दहा-पंधरा गुण वाढवणे कठीण असते. सत्रांतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिकाचे जर्नल, नमुने ओळखण्याची परीक्षा, तोंडी परीक्षा आणि प्रकल्प या ठिकाणी मात्र नियमित विद्यार्थ्याला गुण राखता येतात. तुम्ही लिहिले आहे की जर्नलावरच्या सह्या सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एकदम घेतल्या. असे जर्नल परीक्षकाला हातात घेताच कळते, कारण सर्व आकृत्या एकाच शाईत आणि एकाच घाईत काढलेल्या असतात. प्रात्यक्षिक झाले त्याच दिवशी आकृती पुरी करून पुढच्या तासाला सही घेणे, हा एक नियम पाचव्या सत्रात पाळलात तरी प्रात्यक्षिकाच्या गुणांची काळजी बरीच कमी होईल. क्षेत्रकार्याचे दिवस ठरवताना महाविद्यालयाचे वेळापत्रक समोर ठेवा आणि प्रात्यक्षिकाचा तास कोणत्याही कारणासाठी बुडवू नका. व्याख्यान चुकले तर पुस्तकातून भरून काढता येते, पण सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी पुन्हा समोर येत नाही.

अभयारण्याबद्दल. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात अभ्यास किंवा संशोधन करण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्यासाठी महाविद्यालयामार्फत अर्ज, मार्गदर्शकाचे पत्र, कामाची पद्धत आणि जागांचा तपशील द्यावा लागतो. परवानगी येईपर्यंत किती वेळ जाईल हे तुमच्या हातात नसते, बेडकांचा हंगाम मात्र ठरलेल्या वेळी सुरू होऊन ठरलेल्या वेळी संपतो. शिवाय ज्या प्राण्यांना कायद्याचे संरक्षण आहे, त्यांना पकडणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. बेडूक हातात धरून मापे घेणे हा तुमच्या आराखड्यातील भाग म्हणूनच काढून टाका. म्हादई हे २०० चौरस किलोमीटरांहून मोठे अभयारण्य आहे. एका विद्यार्थिनीने एका सत्रात तेथील बेडकांची यादी करायला घेतली तर ती अर्धवटच राहणार, आणि अर्धवट यादीवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. चौथ्या वर्षाच्या प्रबंधिकेसाठी बारा श्रेयांक आणि पूर्ण वर्ष हाताशी असते. अभयारण्यात काम करण्याची इच्छा त्या वेळेसाठी राखून ठेवा आणि परवानगीचा अर्ज सहाव्या सत्रातच करा.

विद्यार्थ्यांचे प्रकल्प बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण मला वेळापत्रकात दिसते. गोव्यात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो आणि पहिल्या जोरदार सरींबरोबर बेडकांचे प्रजनन सुरू होते. आपले विषम (पहिले, तिसरे, पाचवे) सत्रही त्याच सुमारास सुरू होते. प्रत्यक्षात विषय ठरायला जुलै उजाडतो, आराखड्यावर सही व्हायला ऑगस्ट, मग सत्रांतर्गत चाचण्या येतात, त्यांना लागून चतुर्थीची सुट्टी, आणि विद्यार्थी शेतात उतरतो तेव्हा पाणथळीतले आवाज विरळ होऊ लागलेले असतात. तुम्ही हे मे महिन्यात विचारत आहात, म्हणून तुमच्यापाशी वेळ आहे. जीव आणि सत्र यांची गाठ बसते असे विषय गोव्यात दोन्ही सत्रांत पुष्कळ आहेत. विषम सत्रात बेडूक, सड्यावरील पावसाळी वनस्पती आणि चतुर (ड्रॅगनफ्लाय) असतात. सम सत्रात करमळीच्या तळ्यावरील स्थलांतरित पक्षी, हणजूणच्या खडकाळ किनाऱ्यावरील भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जीव आणि खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीतील, खेकडे असतात. किनाऱ्यावर काम करणाऱ्याने अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी गाठायची असते, कारण भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत खालचा पट्टा पुरेसा उघडा पडत नाही. ते दिवस महाविद्यालयाच्या सुट्ट्यांशी जुळतात की नाही, हे सत्र सुरू होण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काढता येते. यांतले काहीही निवडा, पण दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून मगच निवडा.

तुम्ही वाळपईच्या परिसरात राहता आणि घरची पोफळीची बागायत आहे असे लिहिले आहे, म्हणून मी एक विषय सुचवते. मलबारी उडता बेडूक पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या पानांमध्ये फेसाचे घरटे करतो. मादी फेस घुसळते, आजूबाजूची पाने त्याभोवती चिकटतात, आत अंडी वाढतात आणि काही दिवसांनी डिंभ (बेडकाची पिल्ले) खालच्या पाण्यात टपकतात. कुळागरातील, म्हणजे पोफळीच्या बागायतीतील, तळी, पाट, सिमेंटच्या टाक्या, जुन्या विहिरी यांच्यावर ही घरटी दिसतात. प्रकल्पासाठी हा जीव मला फार सोयीचा वाटतो, कारण घरटे दिवसा मोजता येते, बेडकाला हात लावावा लागत नाही आणि रात्री रानात जावे लागत नाही.

प्रश्न कसा बांधावा, हे सविस्तर सांगते. 'माझ्या गावातील बेडकांची घरटी' हे केवळ शीर्षक झाले, त्यातून काय मोजायचे हे कळत नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्याकडे टाक्यांमध्ये आणि विहिरींमध्ये गप्पी मासे सोडतात. असे मासे असलेल्या पाण्यावर हा बेडूक घरटी कमी करतो का, हा प्रश्न मात्र एका सत्रात तपासता येईल. समजा, तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या कुळागरांत मासे असलेल्या आठ आणि मासे नसलेल्या आठ टाक्या किंवा तळी मिळाली, तर तुलना करता येते. पण माशांच्या टाक्या सगळ्या उन्हात आणि बिनमाशांच्या सगळ्या सावलीत असतील, तर फरक माशांमुळे आहे की सावलीमुळे, हे सांगता येणार नाही. म्हणून दोन्ही प्रकारांत सावलीतल्या आणि उघड्यावरच्या, लहान आणि मोठ्या जागा मिसळून घ्या, आणि पाण्याची खोली, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, पाण्यावर झुकलेल्या फांद्या आहेत की नाहीत, हे प्रत्येक जागेसाठी पहिल्याच फेरीत नोंदवा. फांदीच नसेल तर घरटे होणार कुठे, हा विचार निष्कर्ष लिहिताना सुचून उपयोग नसतो.

येथे संख्येचा एक मुद्दा नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी प्रकल्पांचे गुण जातात. एका टाकीवर वीस घरटी सापडली तर ती वीस स्वतंत्र निरीक्षणे होत नाहीत. मासे टाकीत आहेत, म्हणून तुमचा नमुना म्हणजे टाकी. सोळा टाक्या असतील तर नमुने सोळा, मग घरटी दोनशे का असेनात. एकाच बांधावर दहा चौकटी टाकून खेकड्यांची बिळे मोजणाऱ्या विद्यार्थ्याचीही अडचण हीच असते, कारण त्याने बांध एकच पाहिलेला असतो. तोंडी परीक्षेत 'तुमचा नमुना कोणता' या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देणारा विद्यार्थी परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो.

मोजणी आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी करा. प्रत्येक नव्या घरट्याला क्रमांक द्या आणि तो लिहिलेली प्लास्टिकची पट्टी घरट्याच्या पानाला न बांधता शेजारच्या खोडाला बांधा. क्रमांक नसेल तर तेच घरटे दोन फेऱ्यांत दोनदा मोजले जाते. घरट्याची पाण्यापासूनची उंची सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या काठीने मोजा, झाडाचे नाव लिहा, काठीसह छायाचित्र घ्या. पुढील फेऱ्यांत त्या घरट्याचे काय झाले, ते टिकले, पावसाने धुऊन गेले, वाळले की कोणी खाल्ले, हे लिहा. एक ओळख पक्की करून घ्या. साधा भारतीय झाडबेडूकही फेसाचे घरटे करतो, पण तो ते टाकीच्या भिंतीला किंवा काठच्या गवताला चिकटवतो, तर मलबारी बेडकाचे घरटे बहुधा पानांत गुंडाळलेले असते. शंका असेल तेथे 'अनिश्चित' असा वेगळा रकाना ठेवा आणि तो रिकामा राहावा म्हणून ओढूनताणून ओळख करू नका.

आयोगाच्या आराखड्यात प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकार्याच्या एका श्रेयांकासाठी सत्रभरात तीस तास धरलेले आहेत, म्हणजे तुमच्या प्रकल्पाला एकशेवीस तास. दर फेरी तीन तासांची धरली, तर बारा आठवड्यांच्या फेऱ्यांना बहात्तर तास लागतात आणि अठ्ठेचाळीस तास नोंदी, आलेख व लेखनासाठी उरतात. चौथ्या सत्रात फुलपाखरांसाठी दिलेल्या वेळेला अशी मर्यादा नव्हती. घरच्यांना हा हिशेब कागदावर दाखवा. त्यांना खरी काळजी तुमच्या वेळेची आणि सुरक्षिततेची आहे, आणि त्या दोन्हींचे उत्तर देणे तुमचे काम आहे.

टिपणवहीबद्दल मी आग्रही आहे. पेन्सिलीने लिहा, कारण पावसात शाई पसरते. दिनांक, वेळ सुरू, वेळ संपली, पाऊस होता की उघडीप, सोबत कोण होते, हे प्रत्येक फेरीच्या डोक्यावर हवे. त्याच संध्याकाळी नोंदी संगणकावर चढवा आणि वहीच्या पानाचे छायाचित्र काढून ठेवा. घरटे सापडले नाही त्या टाकीपुढे शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका. कोरी जागा म्हणजे पाहिले नाही, शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हते. तुमच्या प्रश्नात तर शून्यावरच सगळे अवलंबून आहे. चतुर्थीच्या दिवसांत फेऱ्या खंडित झाल्या तर तो खंड अहवालात उघडपणे नोंदवा. न गेलेल्या दिवसाचे आकडे मागाहून भरणे हा अपराध आहे, आणि मार्गदर्शक म्हणून मी त्याला कोणतीही सूट देत नाही.

(चतुर्थीचा विषय निघाला म्हणून एक सांगते. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधल्या जाणाऱ्या रानफळांची आणि वनस्पतींची नोंद हा वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी अतिशय चांगला प्रकल्प आहे. आदल्या दिवसांत साखळी, फोंडा, म्हापसा येथील बाजारांत कवंडाळ, घागऱ्या, माट्टीची फळे विकायला बसलेल्या बायकांना कोणते फळ कोणत्या रानात आणि कोणत्या ओहोळाकाठी मिळते हे नेमके ठाऊक असते. तुमच्या वर्गात वनस्पतिशास्त्राचे कोणी असेल तर त्यांना हे अवश्य सुचवा.)

सांख्यिकी साधी ठेवा. सोळा टाक्यांच्या आकड्यांसाठी प्रत्येक टाकी एक ठिपका म्हणून दाखवणारा आलेख आणि दोन गटांची तुलना करणारी मान-व्हिटनी चाचणी पुरेशी आहे. जातींची विविधता मोजणारा शॅनन निर्देशांक काढण्याची सवय विद्यार्थ्यांना लागलेली असते, पण येथे जातींच्या विविधतेचा प्रश्नच नाही, म्हणून तो काढू नका. फरक आढळला नाही, तर तसे लिहा. पद्धत योग्य असेल तर 'फरक आढळला नाही' या निष्कर्षाला गुण कमी मिळण्याचे कारण नाही, आणि कोणी तसा आक्षेप घेतलाच तर सोळा टाक्यांतून केवढा फरक ओळखता आला असता, यावर चर्चा करण्याची तयारी ठेवा.

नवीन जात सापडावी ही इच्छाही तुम्ही मोकळेपणाने लिहिली आहे. ती अनाठायी नाही. गेगेनिओफिस गोआएन्सिस आणि गेगेनिओफिस म्हादेइएन्सिस या पाय नसलेल्या उभयचरांच्या जातींचे वर्णन २००७ साली झाले, आणि इडिओनिक्स गोमांतकेन्सिस हा चतुर २०१३ साली विज्ञानाला ज्ञात झाला. आपल्या परिसरात अजून पुष्कळ काही अनोळखी आहे. परंतु नवी जात ओळखण्यासाठी आधी ज्ञात जाती पूर्णपणे परिचयाच्या असाव्या लागतात, आणि तो परिचय एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन होतो. तुमच्या टाक्यांवर तीन महिने घालवल्यावर तेथील बेडकांचे आवाज तुम्ही न पाहता ओळखू लागाल. चौथ्या वर्षी अभयारण्यात जाताना हीच तुमची तयारी असेल.

सुरक्षिततेकडे घाईने पाहू नका. एकट्याने जाऊ नका. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, पोफळीच्या पडलेल्या झावळ्यांखाली आणि दगडांच्या फटींत हात घालू नका. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांशिवाय चापडेही (झाडाझुडपांवरचे विषारी साप) आहेत, आणि त्यांच्या विषावर नेहमीची प्रतिविषलस लागू पडेलच असे नाही, म्हणून साप चावल्यास जखमेला काहीही न करता थेट रुग्णालय गाठावे. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, कारण पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. संध्याकाळी कुळागरात गवे उतरतात, तेव्हा फेरी सकाळीच संपवा. सहाव्या सत्रात रानात जायचे झाले तर गोचिडींची काळजी घ्या. २०१५ साली सत्तरीतच पाली गावात गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाची लागण झाली होती, आणि त्या रोगाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असतो. पावसाच्या सुरुवातीला खाण्यासाठी बेडूक पकडणाऱ्यांवर वनखात्याची गस्त असते, म्हणून कधी काळोखात विजेरी घेऊन शेतात जाण्याची वेळ आलीच, तर महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि प्रकल्पाचे पत्र जवळ ठेवा आणि स्थानिक वनरक्षकांना आधी कळवा. ज्यांच्या टाक्या वापरणार त्या बागायतदारांची संमती घ्या, त्यांनी मासे केव्हा सोडले, टाकी केव्हा उपसली, हे त्यांच्याकडूनच कळेल. मासे सोडा किंवा काढा असे मात्र त्यांना प्रयोगासाठी सांगू नका. अहवालात त्यांची नावे त्यांच्या परवानगीनेच घाला.

अहवाल लिहिताना पद्धतीचे प्रकरण आधी लिहा, तेही जुलैमध्येच, काम चालू असताना. सप्टेंबरअखेर मोजणी थांबवा, ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे लेखनाला द्या आणि त्यानंतर सत्रान्त परीक्षेच्या अभ्यासाखेरीज काहीही हाती घेऊ नका. हा विषय तुम्हाला पटला, तर मे संपण्यापूर्वी मार्गदर्शकांना दोन पानांचा आराखडा द्या. त्यात प्रश्न, सोळा जागांचा हाताने काढलेला नकाशा, मोजण्याच्या गोष्टींचा रिकामा तक्ता आणि फेऱ्यांचे दिनांक असावेत. टाक्या पाहायला या आठवड्यातच निघा, कारण मे महिन्यात पाणी खाली गेलेले असताना त्यांची खोली आणि आतले मासे जितके स्पष्ट दिसतात, तितके ते जूननंतर दिसणार नाहीत.